इंची पाना, एमएम पाना

मागच्या वैशाखात हेदवीला गेलो तेव्हा आमची अर्माडा माडाखाली उभी होती आणि सुरू होत नव्हती. "नुसतं टक् करतंय," बाबा म्हणाले. तिसऱ्या दिवशी आईला मोतीबिंदूच्या ऑपरेशनला चिपळूणला न्यायचं होतं. दीड तासाचा, वळणावळणांचा रस्ता. शेजारच्यांची गाडी मिळाली असती, पण प्रश्न तेवढाच नव्हता. ही गाडी आता भंगारात द्यावी असं मी आणि माझी बहीण दोन वर्षं म्हणत होतो, आणि बाबा ऐकत नव्हते. त्या 'टक्'मुळे आमची बाजू भक्कम झाली होती.

गाडी १९९८ ची. त्या काळात अंजनवेलला एन्रॉनचा वीजप्रकल्प उभा राहत होता आणि गुहागर तालुक्यात ज्याला त्याला 'कंपनीत गाडी लावायची' होती. मे १९९९ मध्ये ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा सुरू झाला, २००१ मध्ये सगळंच बंद पडलं, आणि लावलेल्या गाड्या दारात परत आल्या. त्यातली एक बाबांनी २००२ साली एका ठेकेदाराकडून घेतली. वाडीतल्या किती बाया या गाडीतून बाळंतपणाला गेल्या त्याचा हिशेब आई तोंडपाठ सांगते. बाबा हिशेब ठेवतात तो डिझेलचा.

सेल्फ मारला की नुसतं टक् होतं, तेव्हा बहुतेक जण आधी बॅटरीला दोष देतात. बाबांनी नवी बॅटरी आणलीही होती. मी मल्टिमीटर लावला, तर १२.६ व्होल्ट, म्हणजे बॅटरी ठणठणीत. मग मीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्ह टोकाला आणि दुसरी थेट इंजिनाच्या ब्लॉकला लावून बाबांना चावी फिरवायला सांगितलं. खरं तर या दोन टोकांमध्ये फरक दिसायलाच नको, फार तर अर्धा व्होल्ट. काटा चारच्या पुढे गेला. याचा अर्थ परतीच्या वाटेत करंट अडत होता. बॅटरीची निगेटिव्ह तार चासीला जोडलेली असते आणि चासीपासून इंजिनापर्यंत तांब्याची एक विणलेली पट्टी असते. इंजिन रबरावर बसवलेलं असल्यामुळे सेल्फचा सगळा करंट या पट्टीतूनच परत येतो. गाडीखाली शिरून पाहिलं, तर पट्टी हिरवीगार झाली होती. समुद्र इतक्या जवळ असताना तांब्याचं दुसरं काय होणार? आमच्याकडे खिडकीच्या बिजागऱ्यासुद्धा पाच वर्षांत फुलतात.

पट्टी काढायला घेतली आणि मला या गाडीचा इतिहास कळला. खरं तर पंचवीस वर्षं तो समोरच होता. इंजिनाकडच्या बोल्टला १३ चा पाना चपखल बसला. चासीकडच्या बोल्टला १४ चा पाना जाईना आणि १५ चा सुटा फिरे. मी जोर लावला असता तर बोल्ट गोल झाला असता. बाबांनी वरून हात खाली केला. हातात वेगळ्याच संचातला पाना होता. "तो इंची आहे. नऊ-सोळांश घे." नऊ-सोळांश इंच म्हणजे १४.२९ मिलिमीटर.

एकाच पट्टीचं एक टोक मिलिमीटरमध्ये आणि दुसरं इंचात, हे कसं?

इंचाची गोष्ट १९४० मध्ये सुरू होते. युद्ध तोंडावर आलेलं असताना अमेरिकी लष्कराने १३५ कंपन्यांकडे एका हलक्या टेहळणी गाडीची मागणी केली. नमुना तयार करायला मुदत होती ४९ दिवसांची. बॅन्टम नावाच्या छोट्या कंपनीने ती पाळली, पण मोठी ऑर्डर गेली ती टोलेडोच्या विलिस-ओव्हरलँडला आणि पुढे फोर्डलाही. युद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून अधिक जीप बनल्या. शिडीसारखी चासी, पाटे, सरळसोट एक्सल. हत्यारांच्या एका पिशवीत सैनिकाला चिखलात उघडता येईल असं सगळं. सगळे नटबोल्ट अर्थातच अमेरिकी, इंचाचे.

१९४५ साली महिंद्र बंधू आणि गुलाम मोहम्मद यांनी 'महिंद्र अँड मोहम्मद' ही कंपनी काढली होती. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे अर्थमंत्री झाले, पुढे गव्हर्नर जनरलही, आणि इकडे कंपनीच्या नावातला मोहम्मद जाऊन दुसरा महिंद्र आला. १९४७ साली विलिसच्या पंचाहत्तर जीप सुट्या भागांच्या रूपात आल्या आणि पुढे माझगावात जुळणी सुरू झाली. नंतर गाडी लांब झाली, तिला छत, दारं आणि गाद्या आल्या, १९९३ मध्ये 'अर्माडा' हे नाव आलं. पण खालचा सांगाडा त्याच घराण्यातला राहिला.

मिलिमीटर आला फ्रान्सहून. जीपचं मूळ इंजिन पेट्रोलचं, आणि पेट्रोल महाग होत गेलं. १९७९ मध्ये कंपनीने प्यूजोशी डिझेल इंजिनाचा परवाना करार केला. इंजिनाचं नाव एक्सडीपी ४.९०. म्हणजे चार सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ९० मिलिमीटर. एकूण २,११२ सीसी. हे इंजिन इगतपुरीला बनू लागलं. अमेरिकी सांगाड्यात फ्रेंच इंजिन असं बसलं आणि कोकणातल्या प्रत्येक मेकॅनिकच्या पेटीत पान्यांचे दोन संच झाले. चाकाच्या नटाला पाऊण इंच लागतो, पण पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिलिमीटर, त्यामुळे १९ च्या पान्यावर भागतं. नऊ-सोळांशाला मात्र असा जोडीदार नाही.

या गाड्यांचं फार कौतुक होतं, ते मला पूर्ण पटत नाही. आमची अर्माडा चढावर बैलगाडीसारखी चालते, आत बोलायचं तर ओरडावं लागतं, आणि एअरबॅगचा प्रश्नच नाही. तिच्या धुराबद्दल तर बोलायलाच नको. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मध्ये असलं इंजिन बसणं शक्य नव्हतं आणि बसू नये, हेही बरोबरच. पण नव्या डिझेलमध्ये किती इंधन कधी फवारायचं हे संगणक ठरवतो, आणि तो रुसला की स्कॅनर लागतो. आमच्या गाडीने एअर घेतली तर बाबा फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हातपंप मारतात, बुडबुडे थांबून डिझेलची धार लागली की स्क्रू आवळतात. पाच मिनिटांचं काम. हेदवीत बिघडलेली नवी गाडी मात्र चिपळूणला दुसऱ्या गाडीवर चढून जाते.

स्वतः करण्यालाही हद्द असते. पट्टी काढताना मागच्या ब्रेकच्या नळीवर गंजाचे पोपडे दिसले. बाबा म्हणाले, "पॉलिश पेपर मार, रंग लाव." मी नाही म्हटलं. त्यावर वाद झाला, आवाज चढले, आई ओट्यावर येऊन उभी राहिली. शेवटी शृंगारतळीहून मेकॅनिक येऊन नळी बदलून गेला. जुनी नळी त्याने बोटांनी मोडून दाखवली. बाबा काही बोलले नाहीत.

पट्टी मात्र आम्हीच बसवली. वेल्डिंगच्या दुकानातून जाड केबलचा हातभर तुकडा आणला, दोन्ही टोकांना लग ठोकले, चासीची जागा लोखंड चमकेपर्यंत घासली, बोल्ट आवळला आणि वर ग्रीस थापलं. मीटर पॉइंट तीनवर थांबला. बाबांनी हीटर दिला, दहा आकडे मोजले, सेल्फ मारला. माडावरचे कावळे उडाले.

नोंदणीची पंधरा वर्षं २०१३ ला संपली. तेव्हापासून दर पाच वर्षांनी नूतनीकरण करतो. २०१८ ला सहाशे रुपये फी होती, २०२३ ला पाच हजार. पुढची पाळी २०२८ ला. चासीचा मागचा आडवा भाग तोवर टिकेल का, हे मी हातोडीने ठोकून पाहिलं. डाव्या बाजूचा आवाज मला आवडला नाही. बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "आईचा डोळा होऊ दे, मग बघू."

आईला गाडीनेच नेलं. परत येताना पट्टी बांधलेल्या डोळ्याने ती पुढच्या सीटवर बसली होती आणि मोडकाआगरजवळ मला म्हणाली, दुसऱ्या गिअरवर घे, याला इथे तिसरा झेपत नाही.