सेबास्टियन थ्रुन
सेबास्टियन थ्रुन (जन्म: १४ मे १९६७, झोलिंगेन, पश्चिम जर्मनी) हे जर्मन-अमेरिकी संगणकशास्त्रज्ञ व उद्योजक आहेत. यंत्रमानवशास्त्र, यंत्र-शिक्षण आणि चालकविरहित मोटारी यांतील कार्यासाठी ते ओळखले जातात. वयाच्या १८ व्या वर्षी जिवलग मित्राचा मोटार अपघातात मृत्यू झाल्याने या कार्याची प्रेरणा मिळाली, असे त्यांनी सांगितले आहे.

बॉन विद्यापीठातून १९९५ मध्ये पीएच.डी. मिळवल्यानंतर ते अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात आणि २००३ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात रुजू झाले. संवेदकांची मोजमापे चुकू शकतात, हे गृहीत धरून यंत्राने संभाव्यतेच्या आधारे स्वतःचे स्थान ठरवावे, हे त्यांच्या संशोधनाचे मुख्य सूत्र होय. 'प्रॉबॅबिलिस्टिक रोबोटिक्स' (२००५) या ग्रंथाचे ते सहलेखक आहेत.

डार्पा ग्रँड चॅलेंज या चालकविरहित वाहनांच्या वाळवंटी शर्यतीत २००४ मध्ये एकही वाहन अंतिम रेषेपर्यंत पोहोचले नाही. २००५ मध्ये थ्रुन यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेल्या 'स्टॅनली' या वाहनाने सुमारे २१२ किलोमीटर अंतर ६ तास ५४ मिनिटांत पार करून २० लाख डॉलरचे पारितोषिक पटकावले. लेसरने पडताळलेल्या जवळच्या जमिनीचा रंग लक्षात ठेवून कॅमेऱ्याच्या चित्रातील दूरचा रस्ता ओळखण्यास हे वाहन धावतानाच शिकत असे.

पुढे २००९ मध्ये सुरू झालेल्या गूगलच्या चालकविरहित मोटार प्रकल्पाचे त्यांनी नेतृत्व केले. २०११ मध्ये पीटर नॉर्विग यांच्यासह त्यांनी शिकवलेल्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या विनामूल्य ऑनलाइन अभ्यासक्रमास सुमारे १,६०,००० जणांनी नोंदणी केली. त्यातूनच 'युडॅसिटी' ही शिक्षणसंस्था उभी राहिली.