‘सृष्टि’ शब्दाचा मूळ अर्थ

‘सृष्टि’ म्हणजे ‘क्रिएशन’ हें समीकरण आम्हां इंग्रजी शिकलेल्यांच्या डोक्यांत इतकें पक्कें बसलें आहे कीं, शून्यांतून जग घडविणारा कर्ता आपण सहजच आपल्या ग्रंथांत वाचूं लागतों. शब्द तसें सांगत नाहीं. ‘सृज्’ धातूचा अर्थ सोडणें, मोकळें करणें. मोनियर-विल्यम्स यांच्या १८९९ च्या कोशांतही हाच अर्थ अगोदर दिला आहे. ऋग्वेदांत वृत्राला मारून इंद्र सात नद्या मोकळ्या सोडतो, तेथें हाच धातु. आणि आपल्या गणपतीच्या विसर्जनांतही हाच! मुंडकोपनिषदांतील कोळी तंतु आपल्याच अंगांतून सोडतो व पुन्हा आंत घेतो. आंत होतें तेंच बाहेर आलें, एवढेंच येथें अभिप्रेत आहे. विश्वकर्म्याच्या सूक्तांत सुतारकामाची कल्पना आहे खरी. पण तेथेंही ऋषि विचारतो कीं, लांकूड कोणतें होतें? नासदीय सूक्तांत शब्द ‘विसृष्टि’ असा आहे. ती कोठून झाली हें परमव्योमांतील तिच्या अध्यक्षाला तरी ठाऊक असेल किंवा नसेलही, असें म्हणून तो ऋषि थांबतो.