काजळीवर सफेदी

जुन्या मराठी घराच्या भिंती आतून काळवंडत त्या चुलीमुळे. धूर कौलांच्या फटींतून बाहेर जाई, पण जाता जाता भिंतीवर काजळी ठेवून जाई. लाकडाच्या धुरात डांबरासारखा चिकट अंश असतो, त्यामुळे हा थर नुसत्या झाडणीने निघत नसे. देवळी आणि कोनाड्यांच्या वरच्या बाजूला दिव्याचे काळे पट्टे असत ते वेगळेच. दसरा-दिवाळीच्या आधी या काळ्यावर पांढरे चढवायचे, हा वर्षाचा नेम होता. पावसाळ्याची ओल तोवर उतरलेली असे. भिंतीत मुरलेले पाणी कायम असताना दिलेला हात पुढे पोपडे धरून सुटतो.

चुनखडी, आणि कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर शिंपले, भट्टीत सुमारे 900 अंश सेल्सिअसला भाजले की चुनकळी मिळते. ती पाण्यात टाकली की उकळू लागते. विझलेला चुना काही दिवस पिंपात मुरवून फडक्यातून गाळत आणि दुधासारखा पातळ करत. अंगाला लागू नये म्हणून त्यात डिंक किंवा खळ घालत आणि पिवळी झाक मारण्यासाठी थोडी नीळ.

या कामाची खरी परीक्षा भिंतीवरचा चुना ओला असताना होई. ताजा चुना जवळजवळ पारदर्शक असतो, म्हणून खालचा काळा रंग जसाच्या तसा दिसतो. पाणी उडून कणांमध्ये हवा शिरली की प्रकाश विखुरतो आणि मग पांढरे उमटते. ज्याला हे ठाऊक नसे तो घाबरून जाड हात मारी, आणि जाड हात तडकून गळून पडे. म्हणून जाणता माणूस वाखाच्या कुंच्याने एक पातळ हात उभा मारी, तो सुकल्यावर दुसरा आडवा. काळ्या भिंतीला तिसरा. हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून हा थर पुन्हा चुनखडी बनतो.

तरीही काजळीचा तपकिरी अंश ओल्या चुन्यातून वर येतो आणि पांढऱ्यावर डाग फुटतो. त्यामुळे आधी भिंत खरवडून धुणे हा कामाचा निम्म्याहून मोठा भाग होता.

पांढऱ्या भिंतीला एक कटू इतिहासही आहे. सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेग ओळखला. अंधाऱ्या, कोंदट खोल्या हेच रोगाचे घर, असे सरकारी आरोग्य खात्याचे मत होते. उजेडासाठी छपरांची कौले काढली गेली, भिंतींना चुना फासला गेला. 1897 मध्ये पुण्यात इंग्रज प्लेग अधिकारी रँडच्या कारकिर्दीत सोल्जर घरांत शिरून झडती घेत आणि त्यांच्यामागून चुना लावणाऱ्यांची टोळी येई. सणाची सफेदी घरच्यांच्या हातची होती; ही सफेदी जुलमाची ठरली. चुन्याचा तीव्र अल्कधर्म भिंतीवरचे जंतू मारतो, हे खरे. पण प्लेग पसरत होता उंदरांवरच्या पिसवांमुळे. फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमोंने ते 1898 मध्ये दाखवले.

पुढे डिस्टेंपर आला, म्हणजे खडूची भुकटी आणि सरस किंवा केसीन. चाळींमध्ये भिंतीच्या खालच्या भागाला गडद ऑइल पेंटचा पट्टा देत आणि वर फिकट डिस्टेंपर. हातांचा मळ दिसू नये यासाठीची ही सोय नवा रंग देताना मात्र अडचणीची होई. त्या तकतकीत पट्ट्यावर चुना किंवा डिस्टेंपर धरत नाही. तो धुण्याच्या सोड्याने धुवून काचकागदाने घासावाच लागतो. जुना डिस्टेंपरही नव्या हाताच्या पाण्याने सुटतो, म्हणून तो आधी उतरवायचा.

खऱ्या अर्थाने झाकणारे पांढरे मिळाले ते टायटॅनियम डायऑक्साइडमुळे. खडूचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश वाकवण्याचे माप, सुमारे 1.6 आणि तेलाचा 1.5; फरक थोडा असल्याने प्रकाश फारसा विखुरत नाही. म्हणून तेलात कालवलेला खडू खालचा रंग लपवत नाही. टायटॅनियम डायऑक्साइडचा अंक 2.7 पर्यंत जातो. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास नॉर्वे आणि अमेरिकेत त्याचे उत्पादन सुरू झाले. भारतात त्यासाठी 1946 मध्ये त्रावणकोर टायटॅनियम प्रॉडक्ट्स स्थापन झाली. केरळच्या किनाऱ्यावरील काळी इल्मेनाइट वाळू हा तिचा कच्चा माल. तशी वाळू रत्नागिरीच्या किनाऱ्यावरही आहे. जगातले सर्वांत झाकणारे पांढरे अशा काळ्या वाळूतून निघते, ही गोष्ट विलक्षण आहे.

आता गडद भिंत फिकी करताना खरवडणे, लांबी भरणे, घासणे, प्रायमर आणि इमल्शनचे दोन हात असा क्रम असतो. पण धुराचा किंवा गळतीचा जुना डाग पाण्याच्या इमल्शनमधूनही वर येतो. तेथे रंगारी आधी तेलाच्या प्रायमरचा एक हात मारून तो बंद करतात.