पिनाटुबो : ज्वालामुखी-धोक्याचा संयुक्त अभ्यास

फिलिपिन्सच्या लुझॉन बेटावरील पिनाटुबो ज्वालामुखीचा १९९१ मध्ये फिलिपिनी व अमेरिकी शास्त्रज्ञांनी मिळून केलेला अभ्यास. महाउद्रेकाचा धोका वेळेवर ओळखून हजारो माणसे हलवता आली, हे त्याचे महत्त्व.

या सहकार्यामागे कोलंबियातले एक अपयश होते. १३ नोव्हेंबर १९८५ रोजी नेवादो देल रुईझ ज्वालामुखीच्या उद्रेकाने शिखरावरचे बर्फ वितळले, चिखलराखेचे लोंढे दऱ्यांतून उतरले आणि आर्मेरो शहर गाडले गेले. सुमारे २३,००० माणसे दगावली. धोक्याचा नकाशा महिनाभर आधीच तयार होता. शहर मात्र रिकामे झाले नाही. १९८६ मध्ये अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने सरकारच्या परदेशी मदत विभागाच्या साथीने फिरते पथक उभारले. संबंधित देशाने बोलावले तर जायचे आणि तिथल्या संस्थेला बळ द्यायचे, अशी त्याची रीत.

पिनाटुबो सुमारे ५०० वर्षे शांत होता. उतारांवर एटा आदिवासींच्या वस्त्या, जवळच तेव्हा अमेरिकेचा क्लार्क हवाई तळ. २ एप्रिल १९९१ ला वाफेचे स्फोट झाले. रायमुंडो पुनोंगबायान यांच्या फिलिपिनी ज्वालामुखी व भूकंपशास्त्र संस्थेने पाहणी सुरू केली. एप्रिलअखेर अमेरिकेचे हे फिरते पथक येऊन मिळाले. जुन्या थरांतल्या कोळशाचे वय काढल्यावर दिसले, की हा डोंगर क्वचित फुटतो, पण फुटला की प्रचंड. मेच्या मध्यास रोज ५०० टन निघणारा सल्फर डायॉक्साइड महिनाअखेरीस ५,००० टनांवर गेला आणि मग अचानक घटला. हे घटणेच जास्त घोर लावणारे होते: वायूची वाट बुजून आत दाब साचत असावा.

पण हा धोका लोकांना पटवायचा कसा? कित्येक पिढ्यांत कुणी उद्रेक पाहिलेला नव्हता. मग पाच पातळ्यांची इशारापद्धत ठरली आणि ज्वालामुखीतज्ज्ञ मोरीस व कातिया क्राफ्ट यांची उद्रेकांची चित्रफीत अधिकाऱ्यांना, गावकऱ्यांना दाखवली गेली. आकडेवारीपेक्षा तिचाच परिणाम अधिक झाला. क्राफ्ट दांपत्य ३ जूनला जपानमधील उन्झेन ज्वालामुखीच्या उद्रेकात मरण पावले.

१० जूनला क्लार्क तळावरून सुमारे १४,५०० जण हलवले. १५ जूनच्या महाउद्रेकात राख सुमारे ३५ किलोमीटर उंच गेली. त्याच दिवशी युन्या वादळ थडकले. भिजून जड झालेल्या राखेने छपरे कोसळली व शेकडो माणसे दगावली. स्थलांतरामुळे किमान ५,००० जीव वाचल्याचा अंदाज आहे. छावण्यांत मात्र गोवराच्या साथीने अनेक एटा मुलांचा बळी घेतला, आणि चिखलराखेचे लोंढे पुढची अनेक वर्षे दर पावसाळ्यात येत राहिले.