लंबकाचे गोत

गवंड्याचा ओळंबा आणि प्रयोगशाळेतला लंबक ही मुळात दोरीला बांधलेली एकच वस्तू. एक स्थिर व्हावा लागतो, दुसरा झुलावा लागतो. दोघांचा धातू संस्कृत ‘लम्ब्’, म्हणजे लोंबणे. ‘अवलंब’चा ‘ओळंबा’ झाला असावा. ‘नवनीता’चे ‘लोणी’ होतानाही ‘अव’चा ‘ओ’ झालेला दिसतो. हिंदी कारागिरांचा ‘साहुल’ मात्र अरबी-फारसी ‘शाकूल’चा वंशज असावा.

आर्यभटाकडे, म्हणजे इ. स. ४९९ च्या सुमारास, ‘लंबक’ हा ओळंबाच आहे: जमिनीची सपाटी पाण्याने पाहावी, उभी रेषा लंबकाने. या शब्दाला झोका पुष्कळ नंतर मिळालेला दिसतो. हिंदीत झुलत्या लंबकाला ‘लोलक’ही म्हणतात, आपला लोलक प्रकाशाचे रंग वेगळे करतो. ‘लुल्’ म्हणजे डोलणे. झुंबराच्या काचा डोलत आणि रंगही पाडत; त्या वाटेनेच हे नाव काचेला चिकटले असावे.

‘लम्ब्’चे गोत मोठे. लोंबते ते ‘लांब’, लोंबकळत राहते त्याला ‘विलंब’. विलंबित लयही त्याच घरची. लंबकाने गुरुत्वाचे जे मोजतात ते ‘त्वरण’ मात्र ‘त्वर्’पासून, म्हणजे घाई करण्यापासून आले.

आता दोरीच्या टोकापासून गोळ्याच्या मध्यापर्यंत एक मीटर मोजा आणि लहानसा झोका द्या. वीस आंदोलनांना ४०.१ सेकंद लागले, तर एकाला २.००५. चार पाय (π) वर्ग गुणिले लांबी, भागिले या काळाचा वर्ग: गुरुत्व त्वरणाचे उत्तर ९.८२ मीटर प्रति सेकंद वर्ग. ‘गुरुत्वा’तला ‘गुरु’ म्हणजे जड; तरी गोळ्याच्या वजनाला या सूत्रात जागा नाही.

१६७२ मध्ये फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ झाँ रिशे पॅरिसहून दक्षिण अमेरिकेतल्या केयेनला गेला. तिथे त्याचे लंबकाचे घड्याळ रोज सुमारे अडीच मिनिटे मागे पडू लागले. विषुववृत्ताजवळ गुरुत्वाची त्वरा कमी, म्हणून विलंब जास्त. लंबकाची लांबी घटवली तेव्हा वेळ जुळली.

सूत्र शब्दांत मांडले तर विलंबाचा, म्हणजे एका आंदोलनाच्या काळाचा, वर्ग लांबीच्या सम प्रमाणात आणि त्वरेच्या व्यस्त प्रमाणात असतो. लांबी आणि विलंब ही भावंडे असल्याचे भाषेने फार आधी ओळखलेले दिसते. त्यांच्यातला तो वर्ग मात्र लंबक झुलल्यावरच कळला.