खंदकातलं पाणी

सहामाही परीक्षेचा शेवटचा पेपर संपला, की दुसऱ्या दिवशी आपण घमेली आणि टिकाव घेऊन शाळेच्या मागच्या मोकळ्या जागेत जमायचो. किल्ला करायचा! कुणाच्या घरून पोती यायची, कुणी शेण आणायचं, कुणी शेतातून भुसकट. नुसती काळी माती वापरली तर वसुबारसेला चढवलेला बुरूज लक्ष्मीपूजनापर्यंत तडकतो, हे पहिल्याच वर्षी कळलं होतं. मग मुरूम मिसळायचा. उतारावर अळीव आणि मोहरी पेरली, की चार दिवसांत हिरवळ. वर मातीचे मावळे, आणि माथ्यावर फुटक्या आरशाचा तुकडा बसवून त्याच्या कडा चिखलाने लपवायच्या. तो झाला तलाव.

नववीच्या वर्षी आपण किल्ल्याभोवती खंदकही खणला. तो आरशाचा नव्हे, खऱ्या पाण्याचा हवा असा हट्ट होता. पाच बादल्या ओतल्या, संध्याकाळी खंदक कोरडा. आणखी तीन ओतल्या, सकाळी पुन्हा कोरडा. काळी माती ओली असते तेव्हा फुगते, वाळली की भेगाळते, आणि त्या भेगांतून पाणी कुठे जातं ते दिसतही नाही. शेवटी खताच्या पोत्यातला प्लॅस्टिकचा अस्तर-कागद तळाला अंथरला, तेव्हा पाणी थांबलं.

इतिहासाचे सर बघायला आले. कौतुक केलं आणि विचारलं, "वेढा पडला तर आतली माणसं पाणी कुठलं पिणार?" आपण आरसा दाखवला. सर हसले. म्हणाले, "हा रायगड झाला. आपल्याकडे असा डोंगर कुठाय? एकदा उदगीरचा किल्ला नीट बघून या."

त्या प्रश्नाचं उत्तर मला बऱ्याच वर्षांनी, पोरांसाठी घरी किल्ला करताना मिळालं. ते सर्वांना सांगावं म्हणून हा लेख.

आपल्या पाठ्यपुस्तकातले किल्ले सह्याद्रीतले. तिथे पहिला पहारेकरी म्हणजे कडा. लातूर-नांदेडकडे बहुतेक किल्ले भुईकोट. सपाट जमिनीवर शत्रूची तोफ थेट तटापर्यंत ओढत आणता येते. तिला लांब ठेवायचं काम खंदकाचं. औशाचा किल्ला तर खोलगट जागी आहे, भोवतालची जमीन उंच. दुरून येणाऱ्याला किल्ला चटकन दिसत नाही, पण बुरुजावरून येणारा दिसतो. कंधारच्या किल्ल्याचा संबंध राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याच्याशी, म्हणजे दहाव्या शतकाशी लावला जातो. तिथे खंदक आहेच, शिवाय जवळ जगत्तुंग सागर हा मोठा तलाव. 'लत्तलूरपुरवराधीश्वर' असं बिरुद अभिमानाने मिरवणाऱ्या या घराण्याचं मूळ आपल्याच लातूरशी जोडलं जातं. नगर वसवायचं आणि राखायचं तर आधी पाणी अडवायचं, हे या मुलखात जुनं शहाणपण आहे.

उदगीरचा खंदक सुमारे ४० फूट खोल. आता आपला किल्ला आठवा. मावळा तीन इंचांचा. तो साडेपाच फुटी माणूस मानला, तर प्रमाण झालं एकास बावीस. त्या हिशेबाने उदगीरचा खंदक दाखवायला जवळजवळ २२ इंच खणावं लागेल, म्हणजे हात कोपराच्याही वरपर्यंत आत जाईल. आपला खंदक चार बोटं, जेमतेम तीन इंच! त्यात मावळा उभा राहिला तरी फार तर डोक्यापर्यंत बुडेल. सरांनी उदगीर बघायला का सांगितलं, ते हे गणित मांडल्यावर समजलं.

पाण्याचं सर्वांत धाडसी काम पाहायचं तर नळदुर्गला जावं. बोरी नदीवर बांध घालून किल्ला आणि समोरचा रणमंडळ जोडले आहेत. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ च्या सुमारास, या बांधाच्या पोटातच पाणीमहाल बांधला. नदीला पूर आला, की नर आणि मादी या दोन सांडव्यांवरून पाणी कोसळतं आणि मधल्या महालात बसलेला माणूस कोरडा राहतो. सौंदर्य आहेच, पण त्याच बांधाने किल्ल्याला पिण्याचं पाणी दिलं आणि एका बाजूने शत्रूची वाटही अडवली.

लढाईचा अभ्यास प्रतिकृतीवर करण्याची पद्धत युरोपातही आहे. प्रशियाच्या राजाला राइसविट्झ यांनी १८१२ मध्ये एक खास टेबल करून दिलं. त्यावर प्लास्टरचे रंगवलेले चौकोन हवे तसे मांडून टेकड्या, गावं, नद्या तयार करता येत. पुढे १८२४ मध्ये त्यांच्या मुलाने हाच खेळ नकाशावर आणला आणि तो सैन्याच्या शिक्षणात गेला. इंग्रज लेखक एच. जी. वेल्स यांनी १९१३ मध्ये खेळण्यातल्या सैनिकांच्या लढाईवर पुस्तकच लिहिलं. अशा खेळात नदी शोभेची नसते. तोफा कुठून उतरवायच्या, घोडदळ कुठे अडेल, माघार घेणारा कुठे सापडेल, हे सगळं ती ठरवते.

आपल्या परिसरातली लढाई अशी मांडता येईल. १७६० च्या सुरुवातीला सदाशिवरावभाऊंनी उदगीर-औसा परिसरात निजामाच्या फौजेला घेरलं आणि तिची रसद तोडली. इब्राहिमखान गारद्याचा तोफखाना मराठ्यांकडे होता. ३ फेब्रुवारीच्या लढाईनंतर निजामाने तह केला आणि सुमारे ६० लाखांचा मुलूख दिला. वर्षभराच्या आत, १४ जानेवारी १७६१ ला, हेच भाऊ आणि हाच इब्राहिमखान पानिपतावर होते. तिथे रसद मराठ्यांची तुटली होती. पानिपत प्रत्येकाला पाठ, उदगीर मात्र आपल्याच शाळेतल्या किती जणांना ठाऊक होतं?

आता थोडं करण्याबद्दल. प्रतिकृतीत खरं पाणी ओतलं तर ते खोटं दिसतं, कारण थेंब आणि लाट लहान होत नाहीत. म्हणून हौशी लोक इपॉक्सी रेझिन वापरतात. आधी तळ रंगवायचा: मध्यभागी गडद हिरवट, काठाकडे फिकट मातकट. आपल्या खंदकाला निळा रंग देऊ नये, तो समुद्राचा. मग रेझिन पातळ थरांत ओतायचं, एक थर घट्ट झाल्यावर दुसरा. एकदम जाड ओतलं तर ते तापतं आणि तडकतं. मोठ्या माणसानेच हातमोजे घालून, खिडक्या उघड्या ठेवून हे करावं. पण पहिलं काम तळ बंद करण्याचं. एक बारीक भेग राहिली, तरी ओतलेलं सगळं खालून गळून जातं. खताच्या पोत्याचा तो कागद मला तेव्हा आठवतोच.

आणखी एक आठवतं. मार्च २०१६ मध्ये लातुरात पाण्याच्या टाक्यांजवळ जमावबंदी लावावी लागली. मांजरा धरण आटलं होतं. १२ एप्रिलला मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे आली, दहा वाघिणी, सुमारे ५ लाख लिटर. आपल्यातले कितीतरी जण तेव्हा पुण्या-मुंबईत बसून टीव्हीवर आपलं स्टेशन पाहत होते आणि घरी फोन करून आईला विचारत होते, "आज पाणी आलं का?" शत्रू नसताना शहराला वेढा पडला होता. सरांचा प्रश्न किल्ल्यापुरता नव्हता, हे मला त्या दिवसांत पटलं.

म्हणून या मेळाव्यात एक सूचना मांडतो. येत्या दिवाळीत शाळेच्या मुलांकडून रायगड करून घ्याच, पण त्याच्या शेजारी उदगीर, औसा, कंधार किंवा नळदुर्गही व्हावा. त्याआधी मुलांना एकदा तिथे न्यावं. गाडीचा आणि साहित्याचा खर्च आपली बॅच उचलेल. मुलांनी खंदकाच्या काठावर उभं राहून खोली मोजावी, पाणी कुठून येत होतं ते शोधावं, आणि मग माती भिजवावी.

किल्ला पूर्ण झाला की आपण बघायला जाऊ. सरांनी विचारलेला प्रश्न आपणही विचारू. या वेळी मुलं आरशाकडे बोट दाखवणार नाहीत, अशी आशा आहे.