अर्ध-अध्यक्षीय पद्धत आणि ट्युनिशियाचा धडा

ज्या देशात राष्ट्राध्यक्षाला थेट जनता निवडते आणि पंतप्रधान मात्र संसदेला जबाबदार असतो, तिथल्या पद्धतीला अर्ध-अध्यक्षीय राज्यपद्धत म्हणतात. फ्रान्समध्ये ती आहे. आपल्याकडे राष्ट्रपतींना खासदार-आमदार निवडतात, म्हणून हा पेच आपल्याला नवखा वाटतो.

ही पद्धत का निवडली?

जानेवारी २०११ मध्ये झैनुल आबिदीन बिन अली यांची २३ वर्षांची राजवट कोसळली. पुन्हा एकाच्या हाती सगळी सत्ता नको, ही भीती सगळ्यांनाच होती. अन्नहदा पक्षाला संसदीय पद्धत हवी होती, इतरांना थेट निवडलेला अध्यक्ष. तडजोड म्हणून २०१४ च्या राज्यघटनेत सत्ता वाटली गेली: संरक्षण आणि परराष्ट्र धोरण अध्यक्षाकडे, बाकी कारभार पंतप्रधानाकडे.

पेच कुठे पडला?

२०१९ मध्ये कोणत्याही पक्षाचे नसलेले कैस सईद ७० टक्क्यांहून जास्त मतांनी अध्यक्ष झाले. २१७ जागांच्या संसदेत मात्र सर्वांत मोठ्या अन्नहदाकडेही फक्त ५२ जागा होत्या. जानेवारी २०२१ मध्ये पंतप्रधान हिशाम मशीशी यांनी मंत्रिमंडळात बदल केले. संसदेने मंजुरी दिली, पण सईद यांनी नव्या मंत्र्यांना शपथच दिली नाही. दोघेही म्हणत होते, घटना माझ्या बाजूने आहे.

निवाडा करायचा होता घटना न्यायालयाने. पण १२ न्यायाधीशांचे हे न्यायालय कधी उभेच राहिले नाही. संसदेच्या वाट्याच्या चार न्यायाधीशांसाठी दोन तृतीयांश मते लागत. पक्षांच्या ओढाताणीत एकच निवडला गेला. पुढे संसदेने ही अट सैल करणारा कायदा केला, तर सईद यांनी त्यावर सही केली नाही.

२५ जुलै २०२१ रोजी सईद यांनी कलम ८० चा आधार घेत पंतप्रधानांना हटवले आणि संसद गोठवली. त्याच कलमात आणीबाणीच्या काळात संसद चालूच राहील असे लिहिले होते. पण दाद मागायची कुणाकडे? २०२२ च्या सार्वमतात जेमतेम ३० टक्के मतदार आले आणि अध्यक्षाच्या हाती सत्ता देणारी नवी घटना लागू झाली.

दोष पद्धतीचाच का?

पूर्णपणे नाही. पोर्तुगालनेही हुकूमशाही गेल्यावर १९७६ मध्ये हीच पद्धत घेतली. १९८२ मध्ये तिथे अध्यक्षाचे अधिकार कमी केले गेले, घटना न्यायालयाची तरतूद झाली आणि लोकशाही टिकली. एका म्यानात दोन तलवारी ठेवायच्या, तर दोघांनाही मान्य असा पंच आधी नेमावा लागतो. ट्युनिशियात नेमके तेच काम राहून गेले.